झाकून ठेव, आई

शाळा आपल्या मुलीचं भलं करायला निघाली आहे असं कुणी सांगितलं, की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, का? माझा स्वभावच तसा आहे. दूधवाला जरा जास्त हसून बोलला तरी मला दुधाचा वास घ्यावासा वाटतो. नवरा म्हणतो, "तू देवीपुढे हात जोडतेस तेसुद्धा एक डोळा चपलांवर ठेवून." त्यात खोटं काही नाही, पण चपला जातातच ना देवळातून. तरी श्रद्धा आहे माझी. सप्तशृंगी आमची कुलदेवी, आणि इंदिरानगरात घराजवळच्या देवीच्या छोट्या देवळात मी दर शुक्रवारी जाते. तिथेच जे घडलं ते सांगायचं आहे. मानायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं.

माझी मुलगी सई तेव्हा पहिलीत होती. बोलायला चुरचुरीत, गोष्टी सांगायला लागली की थांबत नसे, पण हातात पेन्सिल धरली की तिचा जीव मेटाकुटीला यायचा. अक्षरं रेघ सोडून पळायची. शर्टाची बटणं, डब्याचं झाकण, बुटाचा पट्टा, सगळीकडे रडारड. एक दिवस मुख्याध्यापिकांनी बोलावलं. म्हणाल्या, मुलांच्या हातांना, शरीराला अशा कामांची सवय करून देणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट असतात. तशा एक बाई आता शाळेतच येणार आहेत. त्या सईला आधी एकदा बघतील आणि गरज वाटली तर शाळेच्या वेळेतच तिचे तास घेतील. मुख्याध्यापिका हे सगळं इतक्या गोड आवाजात बोलल्या की माझी खात्रीच पटली, यात काहीतरी आहे. आधी बघतील, मग कागद करतील, मग दाखल्यावर शेरा मारतील आणि एक दिवस म्हणतील, हिला दुसऱ्या शाळेत घाला. नवरा सिन्नरला कंपनीत आहे. घरी आल्यावर त्याला सांगितलं, तर म्हणाला, "अगं, बरंच आहे की." त्याला सगळंच बरं वाटतं.

त्या बाई मुलांना काय काय करायला लावतात, ते मी दुसऱ्या एका आईकडून काढून घेतलं. मणी ओवायचे, बटणं लावायची, कात्रीने गोल कापायचा, एका पायावर उभं राहायचं. मग आमच्या घरी परीक्षेचा अभ्यास सुरू झाला. शाळेतून आली की मणी, जेवण झालं की बटणं. सई कंटाळायची, चिडायची. मी तिला देवीची शपथ घालायचे. आणि शुक्रवारी देवीला म्हणायचे, "आई, एवढं झाकून ठेव. कुणाला दिसू देऊ नकोस."

सई पास झाली. थेरपिस्ट गौरी मॅडमनी जे जे सांगितलं ते तिने जीभ बाहेर काढून, घामाघूम होऊन केलं. मॅडम माझ्याकडे जरा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आज तरी सगळं करून दाखवलंय तिने. मी काय म्हणणार?" मी वाटेतच पेढे घेतले आणि देवीपुढे ठेवले.

पेढ्यांची चव जिभेवरून गेली नसेल तोच तक्रारी सुरू झाल्या. आता वर्गशिक्षिकांचं म्हणणं असं, की हिच्यात काही दोष नाही हे तज्ज्ञ बाईंनीच सांगितलंय, म्हणजे ही आळशीपणा करते. मधल्या सुट्टीत बाकीची मुलं खेळायला गेली की त्या सईला वर्गात बसवून राहिलेलं लिहून घ्यायला लागल्या. सकाळी तिच्या पोटात दुखायला लागलं. एकदा वेणी घालताना ती अगदी सहज म्हणाली, "आई, मी आळशी आहे ना, म्हणून मला मैत्रिणी नाहीत." शाळेत जाऊन खरं सांगावं, तर आपणच तिला पढवून पाठवलं हे सांगावं लागणार. न सांगावं, तर पोर रोज सकाळी पोट धरून बसणार. आणि एवढं होऊनही त्या शुक्रवारी मी देवीकडे तेच मागितलं. झाकून ठेव, आपोआप सुधारू दे.

आरती झाली. तीर्थासाठी रांग लागली, माझ्यापुढे सई. गुरुजींनी पळीने तीर्थ दिलं आणि ते तिच्या बोटांतून, मनगटावरून, कोपरापर्यंत ओघळलं. पुन्हा दिलं, पुन्हा तेच. मागून कुणीतरी चुकचुकलं. सईने माझ्याकडे पाहिलं आणि हात फ्रॉकमागे लपवला. लपवायचं मीच शिकवलं होतं तिला. तेवढ्यात माझ्या खांद्याशेजारून एक हात पुढे आला. त्याने सईचं कोपर खालून धरलं. "आता घे बरं. हात हलणार नाही, मी धरलाय." तीर्थ तळहातात राहिलं. सई ते प्यायली. मी मागे वळले, तर गौरी मॅडम.

माझ्या अंगावर काटा आला, पण तो भक्तीचा नव्हता. मनात आलं, शाळेने पाठवलं हिला पाळतीवर. ही बाई राहते पंचवटीत, शहराच्या दुसऱ्या टोकाला, आमच्या गल्लीतल्या या देवळात तिचं काय काम? मी विचारलंच तसं. त्या म्हणाल्या, "गाडी पंक्चर झाली हो. समोर लावलीय. अर्धा तास बसून काय करू, म्हणून आत आले." त्या सईशी ओट्यावर गप्पा मारत बसल्या आणि मी चपला बघून येते म्हणून बाहेर पडले. खरं तर मी समोरच्या पंक्चरवाल्याकडे गेले. गाडी होती. चाक काढलेलं, ट्यूब पाण्यात.

"खिळा निघाला का दादा?"

"खिळाबिळा काय नाय, ताई. सगळी ट्यूब फिरवली पाण्यात, एक बुडबुडा नाय. हवा कुठनं गेली, त्या देवीलाच ठाऊक."

मी व्हॉल्व्ह बघायला सांगितला. तोही चांगला होता. यावर मी काही बोलणार नाही. हवा जायची शंभर कारणं असतात, हे मलाही कळतं. पण तिथे रस्त्यावरूनच मी देवळाकडे वळून हात जोडले. दिसू देऊ नकोस म्हणून मी जिच्याकडे इतके दिवस मागत होते, तिने दाखवायला नेमकी हीच बाई आणून उभी केली होती.

परत गेले. मॅडम हळूच म्हणाल्या, "त्या दिवशी मी मण्यांचा डबा उघडायच्या आत सईने दोरीला गाठ मारून ठेवली होती. किती दिवस ओवत होतात?" मला रडू फुटलं. रडता रडताच मी विचारलं, "दाखल्यावर शेरा माराल का?"

"कुठला शेरा? दाखल्यावर वर्तन लिहितात, ताई. तिचं चांगलंच आहे," मॅडम म्हणाल्या. "तुमचं जरा बघायला लागेल." रडता रडता मी हसले.

सोमवारी मी मुख्याध्यापिकांसमोर सगळं सांगितलं. त्या रागावल्या, पण मधल्या सुट्टीतली शिक्षा त्याच दिवशी थांबली. खेळाचं सामान ठेवायच्या खोलीत सईचे तास सुरू झाले. भिंत ढकलायची, पिठाचे गोळे मळायचे, चिमट्याने वाटाणे उचलायचे. वर्गात तिचे पाय लोंबकळू नयेत म्हणून बाकाखाली पाट आला, हातात जाड पेन्सिल आली. हा नुसता खेळ चाललाय की काय, अशी शंका येऊन मी बरेच दिवस खिडकीतून डोकावत होते. गौरी मॅडमनी एकदा आतूनच मला नमस्कार केला, तेव्हापासून बंद केलं.

सुधारणा सावकाश झाली, अजून होते आहे. अक्षर सुरेख वगैरे नाही. पण पोटदुखी गेली. परवा तिचा घरी राहिलेला डबा द्यायला शाळेत गेले आणि वर्गाच्या दारात थांबले. मुलं कागदाची होडी करत होती. सईच्या हातातला कागद चुरगळला होता. वाटलं, आता लपवेल. तिने तो कागद वर धरला आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "बाई, मला हे जमत नाहीये. दाखवा ना!" कुणी हसलं नाही. बाई तिच्याजवळ आल्या. शेजारची मुलगी म्हणाली, "मला पण नाही जमत." मी डबा दारातच ठेवला आणि डोळे पुसत जिना उतरले.

माझा संशयी स्वभाव गेला, असं मी म्हणणार नाही. लेक वाचली, याचे उपकार मात्र त्या देवीआईचेच. शुक्रवारी आता मी तिला काही झाक म्हणत नाही, काय करायचं तेही सांगत नाही. हात जोडते आणि माझ्या लेकीचेच शब्द म्हणते. आई, मला हे जमत नाहीये. दाखव ना.