वढा पास झाला

लोकांचे आवाज काढायची मला लहानपणापासून खोड. कंडक्टर, हेडमास्तर, सरपंच, कुणाचंबी नाव घ्या. पण पहिला आवाज शिकलो तो बेडकाचा, आमच्या वढ्यात. देवगाव फाट्यावरून आत वळलं की आमचं गाव, आन् गावाच्या खालच्या अंगाला चिंचेखाली वढ्याचा डोह. मी काठावर बसून गळा फुगवला की समोरून जवाब यायचा. आमची माय म्हणायची, "ह्याला माणसं विचारीत न्हाईत, बेडकं तरी विचारत्यात."

त्याच डोहावर पोकलेन यायचं होतं. वढ्याचं खोलीकरण. वरच्या अंगाला पुलापर्यंत काम झालंच होतं. तिथला वढा म्हंजी आता सरळसोट गटार, ना झाड ना धोंडा. आता डोहाचा नंबर. मी कॉलेजात आमच्या मॅडमला सांगितलं. त्या प्राणीशास्त्र शिकवतात. त्या आल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरल्या आन् धोंडा उलटा केला.

"पाण्याचा रंग बघू नका. दगडाखाली कोण राहतंय ते बघा," त्या म्हणाल्या.

धोंड्याखाली गावच वसलेलं! चतुराची पिल्लं, बारके खेकडे, आन् एक तीन शेपट्यांचा किडा. पाणी जरा जरी नासलं तर हा पहिला मरतो, मॅडम म्हणाल्या. हा जिवंत हाय म्हंजी वढा जिवंत. पण कागदाला वजन यायचं तर तालुक्याच्या साहेबासमोर तपासणी पाहिजे. साहेबांनी किडे डोळ्यानं पाहिले तर डोह सोडून खोदा म्हणून लिहून देता येईल. मी लय खूश. महिनाभर मॅडमची नक्कल करत होस्टेलात बादल्या उलट्या करून बघायचो.

पोळ्यानंतर तारीख ठरली, ग्रामपंचायतीला कळवलं.

त्या दिवशी मी मॅडम आन् साहेबांसंगं गावात आलो तर चिंचेपाशीच वास नाकात गेला. पंचायत विहिरीत टाकते त्या पावडरचा, टीसीएलचा वास. काठावर चुन्याच्या रेघा. शाळेच्या पोरी फुलं घेऊन उभ्या. आन् धोंडे! वढ्यातले धोंडे बाहेर काढून, ब्रशनं घासून, एकाला गेरू एकाला चुना लावून परत रांगेत मांडलेले. लग्नाला बसवल्यावानी.

सरपंच म्हंजी आमचे भावकीतले काका. मी पळत गेलो.

"काका, हे काय करून ठेवलं?"

"काय म्हंजी? तपासणी हाय ना. पोतंभर पावडर मारली. एक किडा घावला तर मिशी काढतो."

"आवो, किडेच बघायला आलेत ते!"

"येड्या, किडे निघाले तर गावाची इज्जत काय राहील?"

हे त्यांनी मनापासून सांगितलं. म्हणून तर जास्त राग आला. बदमाशाला शिव्या देता येतात, ह्यांना काय द्यावं? आमच्याकडं तपासणी म्हंजी चुना मारायचा, एवढंच ठावं. शाळेला साहेब यायचे त्या दिवशी वाचता न येणाऱ्या पोरांना सुट्टी. मलाबी घरी बसवलं होतं एकदा, तोंड गप बसत न्हाई म्हणून. सांगणारे हेच काका, तवा शाळा समितीवर होते. शाळेत नको ती पोरं घरी बसवली, वढ्यात नको ते किडे मारून टाकले. हिशोब एकच.

मॅडमनी धोंडा उलटला. काही न्हाई. दुसरा उलटला. काही न्हाई. कडेला एक खेकडा पोट वर करून पडलेला. साहेब म्हणाले, "वा, स्वच्छ ठेवलाय ओढा."

मी मॅडमला म्हणलं, "आपण मागं पाहिलं ते लिवा ना!"

"आज साहेबांसमोर जे निघालं तेच लिहावं लागेल. पावडर टाकली हेही लिहिते," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज कापत होता. त्यो आवाज मला अजून काढता येत न्हाई.

साहेबांनी पावडरची ओळ वाचली न्हाई. खाली सही केली.

काकांनी तिथंच जाहीर केलं, "एक किडा निघाला न्हाई! गाव शंभर टक्के पास!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांची जनावरं तेच पाणी पितात, त्यांनीच.

मग सत्कार. शाल, नारळ, माईक. काकांना जोर चढलेला. "आमचं पोरगं नकला लय भारी करतंय. ये रे, सायबाला आपल्या वढ्यातला बेडूक दाखव."

मी माईक घेतला. म्हणलं, "आपल्या वढ्यातला बेडूक." आन् उभा राहिलो. तोंड बंद.

लोक हसायला लागले. मग थांबले. पोरी एकमेकींकडं बघायल्या. माईक नुसता खरखर करत होता.

"आरं, आवाज काढ की!" काका म्हणाले.

"काढलाय की, काका. पावडर मारल्यापून तिथं असाच आवाज हाय."

लोक पुन्हा हसले. साहेबबी हसले, "पोरगं हुशार आहे" म्हणाले. काकांनी नारळ फोडला आन् त्याचं पाणी वढ्याला वाहिलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पोकलेन आलं.