मी ठेवलेलं नाव

तिचं नाव मी ठेवलं. आत्याचा मान असतो तो, कुणी माझ्यावर उपकार केले नव्हते. दापोडीच्या आमच्या दोन खोल्यांत पाळणा बांधला, बायकांनी रीतीप्रमाणे माझ्या पाठीत गुद्दे घातले आणि मी वाकून भाचीच्या कानात कुर्र केलं. तीन अक्षरी नाव, पहिलं अक्षर र, मधलं ज. इथे ते लिहीत नाही. आता ती मोठी आहे, आपलं नाव कसं लिहायचं ते तिचं ती बघेल.

मी चिंचवडच्या एका शाळेत मराठी शिकवायची, आणि उच्चारांच्या बाबतीत माझ्याइतकी खडूस बाई सबंध शाळेत नव्हती. मावळातली पोरं 'न्हाई बाई' म्हणायची, कारखान्यांत कामाला आलेल्या मराठवाड्याकडच्या लोकांची पोरं निराळ्याच सुरात बोलायची, कोकणातली नाकातून. मी एकेकाला उभं करून तोच शब्द दहा-दहा वेळा म्हणायला लावायची. सगळं पालथ्या घड्यावर पाणी, हे मलाही कळत होतं, पण माझा स्वभावच तसा.

दादा पिंपरीच्या एका कंपनीत टूलरूममध्ये होता. कंपनीनं त्याला ट्रेनिंगसाठी जर्मनीला पाठवलं आणि तो तिथेच चिकटला. मुलगी आठ महिन्यांची झाल्यावर वहिनीही गेली. तिकडे एका खोलीत राहायचं होतं, तेव्हा मोठं घर मिळालं की मुलीला न्यायचं असं ठरलं. घर मिळायला दोन वर्षं लागली. ती दोन वर्षं ती माझी होती. असं म्हणू नये, पण होती.

मी शाळेत गेले की शेजारच्या मावशी तिला सांभाळायच्या. त्या मूळच्या कुरुळी गावच्या. नावातला ज त्या जहाजातल्या ज सारखा म्हणायच्या. मी म्हणायची, "मावशी, तो नाही हो, जीवमधला ज."

"व्हय की, त्योच तर म्हनती मी," म्हणायच्या आणि परत जहाज. समोरचे सिंधी काका नाव अर्ध्यातच गिळायचे, वरच्या मजल्यावरच्या मद्रासी बाई शेवटचा काना जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत लांबवायच्या. मी सगळ्यांना सुधारत फिरायची आणि मागे सगळे मला हसत असणार. पोरगी मात्र कुणाच्याही हाकेला ओ द्यायची.

मग वहिनी येऊन तिला घेऊन गेली. त्याबद्दल मला फार लिहायचं नाही. तिचं झबलं दोरीवर वाळत राहिलं होतं, ते मी पाच-सहा दिवस काढलंच नाही.

दर महिन्याला दादाचं पत्र यायचं. एकदा त्यानं सहज लिहिलं, की बालवाडीच्या बाई तिच्या नावातला ज म्हणतच नाहीत, य म्हणतात. आणि सुरुवातीचा र घशातून काढतात, गुळण्या केल्यासारखा. माझं डोकंच फिरलं. मी दोन पानी पत्र लिहिलं, जीभ कुठे टेकवायची ते चित्र काढून दाखवलं आणि ते त्या बाईंना नेऊन दे असं बजावलं. दादाचं उत्तर आलं, "इथे सगळा देश असंच म्हणतो. तू काय सगळ्या जर्मनीला बाकावर उभं करणार आहेस?" पुढे लिहिलं होतं, की बाहेर एक आणि घरात एक, असं केलं की पोरीचा गोंधळ होतो, म्हणून आता आम्हीही तसंच म्हणतो.

ते वाक्य मी कितीदा वाचलं कोण जाणे. माझी काहीच चूक नव्हती, त्यांचीही नव्हती. भांडायचं कुणाशी? मी मनाशी म्हटलं, म्हणू देत. पोरगी एकदा इकडे येऊ दे. मी हाक मारली की तिला आठवेल. कानात पहिल्यांदा ते नाव माझ्याच तोंडून गेलंय, कुठेतरी राहिलं असेलच.

ती आली तेव्हा सहा वर्षांची होती. तीन आठवड्यांची सुट्टी. आई-बापाशी मराठी बोलायची, जपून, एकेक शब्द टेकवत. दारातच मी नावानं हाक मारली. ती माझ्याकडे न बघता वहिनीच्या पदराआड गेली. लाजली असेल, असं मी धरून चालले. दुसऱ्या दिवशी जेवायला हाक मारली, आली नाही. खेळात असेल. सबंध आठवडा मी अशी तिच्या वतीनं कारणं शोधत होते.

मग एका दुपारी मी तिला पिंपरीच्या बाजारात घेऊन गेले. परकर-पोलक्याचं कापड घ्यायचं होतं. दोघीच गेलो, मीच हट्ट धरला होता. ओळखीचा दुकानदार ठाण उलगडत होता, मी खणाचे काठ बघत होते, आणि बाजूला पाहते तर पोरगी नाही. दुकानाबाहेर येऊन मी जिवाच्या आकांतानं तिचं नाव घेतलं. स्वच्छ, स्पष्ट, जसं पाळण्यावर घेतलं होतं तसं.

दोन पोरींनी मागे वळून पाहिलं. एक परकरातली, एक शाळेच्या गणवेशातली. त्या वर्षांत ते नाव घरोघरी होतं. आमची पोरगी पाच दुकानं पलीकडे काकणांच्या गाडीपाशी उभी होती, माझ्याकडे पाठ करून. मी पुन्हा हाक मारली. परकरातली पोर म्हणाली, "काय ओ बाई?" आमची वळली नाही.

तेव्हा मला वहिनी कशी हाक मारते ते आठवलं. मी त्या र साठी घसा खरवडला. जे बाहेर आलं त्याला नाव म्हणता येणार नाही. पुन्हा प्रयत्न केला आणि ठसका लागला. दुकानदार पाणी घेऊन आला. "क्या हुआ टीचरजी, घास अटक गया?" म्हणाला. मी त्याला काय सांगणार, कप्पाळ?

शेवटी गर्दीतून चालत गेले आणि तिचा दंड धरला. ती दचकली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू मला हाक का नाही मारली?"

तिच्या आवाजात तक्रारसुद्धा नव्हती. खरंच विचारत होती. मी म्हटलं, "मारली गं. तीनदा मारली." तिला ते पटलं नाही, दिसतच होतं. कापड न घेताच आम्ही बस पकडली. मला बसमध्ये रडू येत होतं आणि त्याचा रागही येत होता.

घरी आल्यावर तिनं मला पलंगावर बसवलं. बाजारातली गोष्ट तिच्या मनातून गेली नव्हती. समोर उभी राहून तिनं स्वतःचं नाव सावकाश म्हटलं आणि म्हणाली, "म्हण."

मी म्हटलं.

"नाही." तिनं माझं बोट उचलून स्वतःच्या गळ्यावर ठेवलं. "इथून." तो र माझ्या बोटाखाली थरथरला. मी परत म्हटलं. माझी जीभ आपोआप वर टाळूकडेच जाई, आणि ज तर मी ठरवूनही सोडू शकत नव्हते. आम्ही पंधरा-वीस वेळा म्हटलं असेल. ती चिडली नाही, हसली नाही.

वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली, "राहू द्या हो वन्सं. नाही जमत सगळ्यांना."

पोरगी थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली. माझी दया आली असावी तिला. मग माझ्या गालावर हात ठेवून म्हणाली, "आत्या, तू मला नुसतं 'ए' म्हण. मला कळेल." आणि खेळायला गॅलरीत पळाली.

पानं वाढून झाली तेव्हा मी दारात गेले. नाव ओठांवर आलं होतं, ते मी गिळलं आणि म्हटलं, "ए."

ती लगेच आली.