उजवीकडून एक अंक

बाबा डोंबिवलीतल्या एका शाळेत गणित शिकवायचे. घरी पाहुणा आला की आधी त्याच्या गाडीचा नंबर विचारायचे आणि त्याला कशाकशाने भाग जातो ते चहा येईपर्यंत ऐकवायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

त्यांचा लाडका आकडा एकच, ७३९३९१३३. त्याला एक आणि तो स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही. उजवीकडचा अंक पुसा, उरेल त्यालाही जात नाही. असं पुसत पुसत थेट सातापर्यंत.

"आणि पुढे एखादा अंक वाढवला तर?" मी लहानपणी विचारलेलं.

"कुठलाही लाव, भाग जाणारच. याला वाढ नाही गं. फक्त कमी होणं आहे."

दोन वर्षांपूर्वी बाबा विसरू लागले. रोज काहीतरी लिहायला लावा, असं डॉक्टर म्हणाले, म्हणून मी पाटी आणली. बाबा रोज सकाळी तोच आकडा लिहायचे. एके दिवशी पाटीवर सातच अंक दिसले, शेवटचा तीन नव्हता. त्या दिवशी त्यांना आईचं नाव आठवेना.

सहा अंक उरले त्या दिवशी ते भाजी आणायला गेले आणि संध्याकाळी विठ्ठलवाडीच्या रिक्षा स्टँडवर सापडले. पाच उरले तेव्हा घर परकं झालं, चार उरले तेव्हा आई.

"अगं, विसरतो माणूस. त्यात पाटीचा काय संबंध?" आई म्हणायची. मी वागळे इस्टेटमध्ये यंत्रांचे सुटे भाग मोजून पास-नापास करते, असल्या गोष्टींना हसणारी बाई. पण रोज सकाळी उठल्या उठल्या मी आधी पाटीवरचे अंक मोजायचे. मी पुसायचं फडकंही लपवून ठेवलं. तरी एका रविवारी पाटीवर ७३९ एवढंच होतं. बाबांना अजून ओळखू येणारी मी एकटीच राहिले होते, आणि आता पाळी माझी, हे मला कळून चुकलं.

बाबा आंघोळीला गेले होते. मी खडू घेतला आणि एक अंक परत लावून टाकला. घाईत तीनऐवजी एक लिहिला, ७३९१.

बाबा बाहेर आले. पाटीकडे नुसती नजर टाकली.

"एकोणीसने जातो. एकोणीस गुणिले तीनशे एकोणनव्वद."

इतका खणखणीत आवाज मी वर्षभरात ऐकला नव्हता. मला रडूच फुटलं, आनंदाने. बाबांनी अंगठ्याने एक पुसला, मग नऊही पुसला, आणि माझ्याकडे वळले. वर्गात चुकलेल्या मुलीकडे बघावं तसं, रागाने नाही, पण अगदी लांबून.

"कुणाची गं तू? उद्या वडिलांना घेऊन ये."

"हो सर," मी म्हटलं.