लिंक उघडू नका!

कुवेतमधली धूळ आणि फसवणुकीचे किस्से, दोन्ही कितीही झाडा, आठवड्यात पुन्हा जमतातच! आमच्या सालमियातल्या शुक्रवारच्या चहाला तर कपागणिक एक किस्सा निघतो.

त्यातले निम्मे कुलकर्णीचे. हा बँकेत फ्रॉड विभागात. इथल्या मराठी मंडळात त्याने भाषण ठोकलं, "कुणाचीही पेमेंट लिंक उघडायची नाही. अगदी माझीसुद्धा!" टाळ्या पडल्या. पुढच्याच आठवड्यात गणपतीच्या वर्गणीची लिंक त्यानेच ग्रुपवर टाकली. एक दिनार आला नाही! शेवटी त्याने अब्बासियातल्या, एसी दुरुस्त करणाऱ्या नाईकांना फोन केला. नाईक म्हणाले, "सायबानू, तुमीच सांगितल्यात मां, उघडू नकात म्हणान!" मग वर्गणी घरोघर फिरून गोळा केली बिचाऱ्याने.

नाईकांनाही एक फोन आला होता. "ट्रॅफिक पोलिस से बोल रहा हूँ. फाइन बाकी है, कार्ड नंबर बोलो."

"मेरे पास गाडी ही नहीं. कंपनी के बस से जाता हूँ."

"ठीक है, आधा भर दो!"

आमच्या अकाउंटंट देशपांडेला धमकी आली, ओटीपी दे, नाहीतर आजच्या आज खातं बंद. देशपांडे खूश! "कर दो भाई! मैं कब से बोल रहा हूँ, बँक सुनती ही नहीं!"

पण सगळ्यांवर ताण कुलकर्णीचीच. हल्ली चोर आवाजाचीही नक्कल करतात, म्हणून त्याने घरात नियम केला. फोनवर पैसे मागणाऱ्याला आधी विचारायचं, आज डब्यात भाजी कोणती होती? "रोज बदलणारा पासवर्ड!" असं ऐटीत सांगायचा.

एकदा त्याची आई पहिल्यांदाच, तीही एकटी, कुवेतला यायची होती. ऑफिसातून परस्पर तिला आणायला निघालेला हा फिंतासच्या पंपावर अडकला. पेट्रोल भरून झालेलं, फोन बंद पडलेला, आणि कार्ड? सुरक्षिततेसाठी त्यानेच ॲपमधून लॉक केलेलं! तिकडे विमान उतरलेलं. माउलीला हिंदीही धड येत नाही. पंपावरच्या माणसाच्या फोनवरून त्याने बायकोला, वैदेहीला, गाठलं. "पंपावर अडकलोय. पंपवाला लिंक पाठवतोय, पैसे भर."

"भाजी कोणती होती?"

हा डबा खातो लॅपटॉपकडे बघत. "बटाटा?"

फोन कट. पुन्हा लावला. "भेंडी?" कट. तिसऱ्यांदा नंबर ब्लॉक!

शेवटी मनगटावरचं घड्याळ पंपावर ठेवून सुटला आणि विमानतळावर धावला. आई नाही! घामाघूम होऊन घरी पोचला, तर आई सोफ्यावर चहा पीत बसलेली. वैदेहीने टॅक्सीने जाऊन आणली होती.

"म्हणजे तुला कळलं होतं, मीच बोलतोय?"

"बटाटा म्हणालास, तेव्हाच!"