झुंबराचा दोर

श्री. म्हाळू ओव्हाळ, राहणार निमोणे, तालुका शिरूर. हुद्दा : प्रकाश विभागप्रमुख. कार्यक्षेत्र : न्हावरे रस्त्यावरील मंगल कार्यालयातले एक झुंबर. हाताखालील कर्मचारी : नाहीत. विशेष अर्हता : मजबूत हात.

हा हुद्दा कार्यालयाचे मालक पोपटराव यांनी कार्डावर छापून म्हाळूच्या गळ्यात अडकवला होता. झुंबर त्यांनी दौंडच्या भंगारवाल्याकडून आणलं होतं. कुण्या रेल्वेच्या साहेबाच्या बंगल्यातलं. पितळी फांद्या, काचेचे लोलक, आणि दिवे म्हणून खऱ्या मेणबत्त्या.

अशा झुंबरांचा इतिहास थोडक्यात असा. आधी विलायतेत लाकडी फुलीवर चरबीच्या मेणबत्त्या खोचून ती चर्चमध्ये टांगत. मग राजेरजवाड्यांनी काच लावली. मेण महाग, आणि काच एका ज्योतीच्या दहा करून दाखवते. कमी उजेडात जास्त श्रीमंती दाखवायचं ते यंत्र. त्याला कप्पी असे, कप्पीला दोर असे. दोर धरणाराही असणार, पण त्याच्याबद्दल कुणी लिहून ठेवलेलं नाही.

गोरज मुहूर्ताच्या लग्नाला म्हाळू झुंबर खाली घेई, मेणबत्त्या लावी, दोर ओढून पुन्हा वर चढवी आणि भिंतीतल्या लोखंडी आकड्याला गुंडाळी. मग ट्यूबलाइट बंद व्हायच्या. नुसतं जेवायला आलेलेसुद्धा वर बघायचे. म्हाळूही बघायचा, आणि त्याखाली त्याला आपली लेक राजश्री दिसायची.

एकदा धीर करून तो पोपटरावांना बोलला, "आप्पा, आमच्या राजश्रीचं लगीन ह्याच्याखाली झालं तर?"

"करू की! तुम्हाला कुठं मुहूर्त लागतोय? पौषात हॉल मोकळाच असतो."

बौद्धांच्या लग्नाला मुहूर्त लागत नाही, हे पोपटरावांना एवढ्या आपुलकीनं प्रथमच आठवलं होतं. घरी ताईबाईनं नवऱ्याला विचारलं, "आन् आप्पा इसरले म्हंजी?"

"दोर माझ्या हातात हाय," म्हाळू म्हणाला.

मार्गशीर्षात पोपटरावांच्या पाहुण्यांतलं लग्न निघालं. डीजेनं दुपारपासून भिंती हलवल्या होत्या. अंतरपाट धरला, भटजींच्या मंगलाष्टका संपत आल्या, आणि आकडा गिलाव्यासकट निखळला. म्हाळूनं दोर हवेतच पकडला. पेटलेलं झुंबर बरोबर नवरा-नवरीच्या डोक्यावर होतं.

"आप्पा, आकडा निघाला! त्यांना बाजूला घ्या!"

म्हाळूपुढच्या पडद्याशी उभे असलेले पोपटराव वळले. "येडा का तू? मुहूर्त टळंल. धर तसाच. दोनच आत्या ऱ्हायल्यात."

"मग कुणाला तरी हात लावाया बोलवा!"

"पाव्हणं घाबरत्याल. गप ऱ्हा."

आपल्याकडे भटजींच्या मंगलाष्टका संपल्या की आत्या-माम्या स्वतः रचलेल्या म्हणतात, आणि आत्याला थांबवणारा अजून जन्मलेला नाही. पहिलीनं कुलदैवतापासून सुरुवात केली. दुसरीनं सगळी भावकी चालीत बसवली. चुलत्यांपर्यंत येताना नायलॉनचा दोर म्हाळूच्या तळव्यांतून सरकू लागला. त्यानं मूठ आणखी आवळली. अखेरची अक्षता पडली, हार झाले, जोडपं सोफ्याकडे गेलं. तेव्हा त्यानं झुंबर हळूहळू खाली टेकवलं.

पोपटरावांनी आधी लोलक तपासले. "एक फुटला न्हाई! वाघ हायेस लेका!"

वाघाला मूठ सोडता येत नव्हती. सोडवली तेव्हा कातडी दोरालाच राहिली. आतल्या शिराही तुटल्यात, असं डॉक्टर म्हणाले.

पौषात पोपटरावांनी शब्द पाळला, म्हणजे हॉल दिला. झुंबर वरच होतं, पांढऱ्या चादरीत गाठ मारून बांधलेलं.

"नवा माणूस अजून शिकला न्हाई," पोपटराव म्हणाले. "उद्या तुझ्याच पोरीच्या डोक्यात पडलं म्हंजी? तुझ्यासाठीच सांगतो."

राजश्रीनं एकदा वर पाहिलं. पुन्हा पाहिलं नाही.

ट्यूबलाइटच्या उजेडात लग्न उभं राहिलं. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांपुढे दोन मेणबत्त्या होत्या. बौद्धाचार्य म्हणाले, "वधूच्या वडिलांनी ज्योत लावावी."

म्हाळू पुढे झाला. काडेपेटी दोनदा खाली पडली. पाहुणे थांबले होते. मुहूर्त नसल्यामुळे घाई कुणालाच नव्हती.

प्रकाश विभागप्रमुखांच्या बोटांत काडी राहिना. ताईबाईनं ती घेऊन पेटीवर ओढली.