आठ दिवस भिंतीवर

ओदालिस पेर्दोमोने पाच महिने एकच गोष्ट जिवापाड सांभाळली होती, कुणाच्या नजरेत यायचं नाही. पोलीस दिसला की ती रस्ता बदलायची. बाजारात बोटाने दाखवून भाजी घ्यायची, कारण तोंड उघडलं की क्युबाचा हेल लपत नसे. शिवणकाम ती उत्तम करायची, पण दारावर पाटी नव्हती. बायका पोरांचे गणवेश घेऊन मागच्या दाराने यायच्या. आणि आता नगरपालिकेच्या भिंतीवर, भर चौकात, तिचं नाव, वय, धंदा, देश आणि राहत्या घराचा पत्ता टाइप करून टाचलेला होता. पोलीस चौकी तिथून वीस पावलं.

पेरूमध्ये लग्न करायचं तर हे कुणाला चुकत नाही. आठ दिवस कागद भिंतीवर राहतो, कुणाला हरकत असेल तर त्याने येऊन सांगावी. पुएर्तो ग्रिससारख्या कोळ्यांच्या गावात हरकत घ्यायला कुणी येत नाही, पण वाचायला सगळे येतात.

ती आली होती लिमातल्या मावसबहिणीकडे, तीन महिन्यांच्या पाहुण्या व्हिसावर. दुसऱ्याच आठवड्यात बहिणीचा फ्रीज बिघडला आणि दुरुस्तीला एदिल्बेर्तो आला. चव्वेचाळीस वर्षांचा, अबोल, हातांना कायम ग्रीसचा वास. फ्रीज एकदाच बिघडला होता, हा मात्र चारदा आला. व्हिसा संपायला आला तेव्हा ओदालिस त्याच्या गावी, त्याच्या आईच्या घरात राहत होती. परत जायचं नाही, हे तिने ठरवूनच केलं. विसरली असती तर निदान मनाला बरं वाटलं असतं.

लग्न लावायला एक कागद कमी होता, ओदालिस अविवाहित असल्याचा दाखला. तो क्युबातल्या कामाग्वेमधून तिच्या आत्याने रांगा लावून लावून मिळवला, त्यावर शिक्के घेतले, आणि तो इथे पोचेपर्यंत त्याच्या मुदतीचे दोनच आठवडे उरले. नवा काढायचा तर पुन्हा तेवढेच महिने. स्वतः जाऊन आणावा तर विमानतळावर पासपोर्टावरची तारीख बघणार, आणि अशी गेलेली बाई कित्येक वर्षं परत आत येत नाही. म्हणजे दाखला चालतोय तोवर लग्न, नाहीतर काहीच नाही.

भिंतीवरचा कागद बुधवारी लागला. दाखला त्याच्या पुढच्या मंगळवारनंतरच्या मंगळवारपर्यंत चालणार होता. लग्न त्याआधीच्या शनिवारी ठरलं. हिशेब सरळ होता, पण ओदालिसचा जीव काही थाऱ्यावर येईना. शिवताना टाके चुकायचे, ती ते उसवून बाहेर पडायची आणि चौकात जाऊन कागद आहे ना बघून यायची. दिवसातून चारदा. जिथे जायला आजवर घाबरत होती तिथेच आता घुटमळायची.

"अगं, तो कागद काही पळून जात नाही," एदिल्बेर्तो म्हणाला.

"दोन पोलीस वाचत होते. पाव खात खात!"

"मग? त्यांना वाचता येतं हे बरंच नाही का?"

तिने त्याच्या अंगावर चिंधी फेकून मारली. माणूस चांगला होता, पण त्याच्या शांतपणाचा कधीकधी संताप यायचा.

पाव मात्र त्याच्या आईकडचे होते. दोन्या दोमितिला, म्हणजे दोमितिलाबाई, एकतीस वर्षं नगरपालिकेसमोर गाडा लावायची. सकाळी सहापासून लाल सॉसेज अंड्यात मोडून पावात भरायची, आणि सगळं गाव, पोलिसांसकट, तिच्यासमोर उभं राहून खायचं. जिभेला हाड नव्हतं. ओदालिस घरात आल्यापासून तिने तिला एकदाही नावाने हाक मारली नव्हती. "पाहुणीला कॉफी विचार." "पाहुणी अजून झोपली आहे का?" "पाहुणे तीन महिने असतात म्हणे, आमची जरा हिशेबात कच्ची आहे." ओदालिस ओठ चावून मशीन चालवत राहायची.

सोमवारी सकाळी कागद नव्हता. चार टाचण्या होत्या, त्यांत अडकलेले चार कोपरे होते, बस्स.

आतल्या खिडकीवर सेन्योर बाल्देरामा बसायचे. लग्नांची नोंद तेच करत. त्यांनी बाहेर येऊन टाचण्या पाहिल्या, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"सलग आठ दिवस लागतात, सेन्योरा. झाले पाच. मी उद्या नवा लावतो, उद्यापासून आठ मोजायचे."

ओदालिसने बोटांवर मोजलं. आठवा दिवस बरोबर दाखल्याच्या शेवटच्या मंगळवारी येत होता. लग्न बुधवारी लागणार. एका दिवसाने सगळं गेलं.

"एक दिवस, सेन्योर. एकच!"

"नियम मी केलेला नाही." त्यांचा आवाज मऊ होता, त्याने तिला जास्तच रडू आलं.

चौकात रस विकणारी फेलिपा तिची वाटच बघत होती. "मी बोलणार नव्हते, पण काल चर्चमधली मिसा संपल्यावर तुझी सासू त्या भिंतीवरच्या फळ्यापाशी होती. बराच वेळ. आणि तिच्या हातात पिशवी होती."

ओदालिसच्या कानांतून वाफा निघाल्या. पाच महिने गिळलेलं सगळं वर आलं. ती तरातरा गाड्यापाशी गेली. समोर सहा गिऱ्हाइकं, त्यांत एक पोलीस, आणि पहिल्यांदाच तिला त्याचं काही वाटलं नाही.

"कागद कुठे आहे, दोन्या दोमितिला?"

म्हातारीने अंडं फोडलं. "घरी."

"घरी?" नाकारेल अशी तयारी करून आलेल्या माणसाची फार पंचाईत होते. "मी एवढी नको होते तर तोंडावर सांगायचं होतंत! मी माझी मशीन घेऊन गेले असते!"

म्हातारीने तिच्याकडे पाहिलं, मग गॅस बंद केला. सकाळी नऊला तो गाडा बंद झालेला गावात कुणी पाहिला नव्हता.

"चल," ती म्हणाली.

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात हातभर उंचीचे संत अंतोनी होते. या घरात जे हवं असेल त्याचा कागद त्यांच्या पायाखाली जायचा. विजेच्या मीटरचा अर्ज तिथे होता, गाड्याचा परवानाही तिथेच पिकला होता. आता मूर्तीखाली चार घड्या घालून ओदालिसचं लग्न ठेवलेलं होतं, त्यावर मेणबत्तीचे ओघळ.

"पाच दिवस वाचला की सगळ्यांनी," म्हातारी म्हणाली. "अजून काय पाठ करायचाय? आणि ते दोघे टोपीवाले रोज माझा पाव खायचे आणि रोज तोच वाचायचे. क्युबाची, क्युबाची करत. घराचा पत्तासुद्धा! मला रात्र रात्र झोप नाही. म्हटलं, भिंतीपेक्षा इथे बरा. यांच्या हातात दिलेलं काम आजवर अडलेलं नाही."

"आठ दिवस लागतात, आई!" आई हा शब्द ओदालिसच्या तोंडून रागात निघून गेला. "सलग आठ! आता दाखलाच संपतोय. मला जावं लागेल."

म्हातारी खुर्चीवर बसली. एवढं मोठं तोंड असलेली बाई, आता बोटांवर आठ दिवस मोजू लागली आणि दोनदा चुकली. ओदालिसला वाटलं होतं, म्हातारीला असं बघून आपल्याला बरं वाटेल. अजिबात वाटलं नाही.

मग दोमितिला उठली. तिने मूर्ती उचलून कागद काढला, रविवारचा कोट घातला आणि निघाली.

खिडकीसमोर बारा माणसांची रांग होती, त्यांतली निम्मी तिची गिऱ्हाइकं. ती सरळ पुढे गेली.

"सेन्योर बाल्देरामा, चोर आणलाय."

"कुठे आहे?"

"तुमच्यासमोर." तिने मेणाळलेला कागद खिडकीत सरकवला. मागे कुणीतरी खिदळलं. "हसा हसा, उद्या पाव घ्यायला याल."

बाल्देरामांनी कागद उलगडून मेणाचे डाग बघितले. "मेयरना वाटलं तर ते एखादा दिवस कमी करू शकतात. कारण लेखी लागेल. ते बाहेरगावी आहेत, पुढच्या सोमवारी येणार. पण मला विचारावंच लागेल, सेन्योरा. तुमची या लग्नाला हरकत आहे का?"

"हरकत? पाच महिने आहे," दोमितिला म्हणाली. "ती सॉसेजवर लिंबू पिळते. पण ते आमच्या घरातलं आहे, नगरपालिकेचं नाही. तुम्ही लिहा, कागद म्हातारीने चोरला, मूर्खपणाने चोरला, पोरीचा काही दोष नाही."

तिने त्यांचंच पेन मागून घेतलं आणि सही केली. रांगेत आता कुणी हसत नव्हतं.

मंगळवारी तोच कागद मेणाच्या डागांसह परत भिंतीवर लागला, आणि गाडा चौकातून हलून बरोबर त्याच्या खाली आला. पोलिसांना पाव तिथेच मिळू लागले. "वाचा, पण हात लावाल तर याद राखा," ती त्यांना बजावायची. ओदालिस तिच्या शेजारी पाव कापत उभी राहायची. हात कामात असले तरी डोळे सारखे टाचण्यांवर जायचे. सोमवार उजाडेपर्यंत तिचं वजन दोन किलोंनी उतरलं. मेयर दुपारपर्यंत आलेच नाहीत. चारला आले, अर्ज वाचला, मोठ्याने हसले आणि सही केली.

मंगळवारी, दाखल्याच्या शेवटच्या दिवशी, सकाळी अकराला लग्न लागलं. एदिल्बेर्तोने हात तीनदा धुतले होते, तरी अंगठीला ग्रीसचा वास आलाच.

बाहेर पडल्यावर ओदालिसने सवयीने भिंतीकडे पाहिलं. फळा रिकामा होता. लग्न लागलं होतं, सह्या झाल्या होत्या, तरी ती जवळजवळ धावतच घरी गेली.

दोमितिला सह्या होताच पुढे निघून आली होती, आता चुलीपाशी होती. संत अंतोनींच्या पायाखालून डाग पडलेला कोपरा डोकावत होता, समोर नवी मेणबत्ती.

"परत काढलात?"

"आता माझ्या हक्काचा आहे. राहण्याचं कार्ड यायचंय ना तुझं? मिळेपर्यंत राहू दे तिथेच." म्हातारीने कढई उतरवली, ओदालिससमोर लिंबू आणि सुरी ठेवली. "आणि पाहुणीसारखी दारात उभी काय राहिलीस, ओदालिस? ताटं घे."