झाकणाच्या आतली खूण

वाशीत आमच्या इमारतीच्या जिन्याखाली कोंडिबा पिसाळ सत्तावीस वर्षं घड्याळं दुरुस्त करतात. मूळचे वाई तालुक्यातले. तुर्भ्याच्या मार्केटात गोणी उचलायला आले, तीन वर्षांत पाठ गेली, आणि बसून करता येईल असं काम म्हणून मस्जिद बंदरच्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे हे शिकले. गोणी पेललेली ती जाड बोटं केसाएवढा स्क्रू कशी धरतात, ते बघत माझे यजमान ऑफिसातून आल्यावर तिथेच उभे राहायचे. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांचं ऑटोमॅटिक घड्याळ आता मी हातात घालते. कपाटात ठेवलं तर दुसऱ्या दिवशी बंद पडतं.

पिसाळांची एक पद्धत आहे. घड्याळ उघडलं की मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला ते सुईने तारीख कोरतात आणि खाली बारीक 'कों'. पुढच्या कारागिराला कळावं, घड्याळ कधी आणि कुणी उघडलं. आमच्या शाळेतल्या सिस्टर कोऱ्या पानावर आधी तारीख लिहायला लावत, म्हणून मला ही पद्धत फार पसंत होती. हळूहळू जुनी घड्याळं घेणारे ती खूण शोधू लागले. पिसाळांची खूण म्हणजे आत काही लबाडी नाही, असं लोक धरून चालत.

गेल्या वर्षी बारा नोव्हेंबरला, मंगळवारी, मी पट्टा बदलायला गेले होते. तेवढ्यात करावे गावातली रंजिता आली. द्रोणागिरीच्या एका गोदामात ती हिशेबनीस आहे. तिने रुमालाची गाठ सोडून एक जुनं घड्याळ पुढे ठेवलं.

"काका, एवढं बघून द्या. घेऊ का नको, तेवढंच सांगा."

"कुनासाठी?"

"बाबांसाठी. त्यांचं असंच होतं, जमिनीचे पैसे आले तेव्हा घेतलेलं. खाडीत पडलं. पंधरा वर्षं झाली, अजून मनगट चोळत बसतात. रविवारी पंच्याहत्तर पूर्ण होतात. मोबाइल दिला तर म्हणतात, ह्यो हाताला बांधू कसा?"

पिसाळ हसले. घड्याळ कानाशी धरून त्यांनी हलकेच हलवलं. "याला चावी लागत न्हाय. हात हलला की आतली चकती फिरती, तीच चावी देती. मानूस बसून ऱ्हायला की हेबी बसतं."

"मग बाबांना रोज खाडीपर्यंत चालवते."

पिसाळांनी डोळ्याला भिंग लावलं आणि डायल उजेडात तिरकी धरली. एकदा या बाजूने पाहिली, एकदा त्या बाजूने.

"टेन्शन नका देऊ ना काका. जुन्या घड्याळांचा दुकानवाला म्हणाला, आत पिसाळांची खूण आहे, डोळे मिटून घे. तरी मी म्हटलं, त्यांनाच दाखवते. संध्याकाळपर्यंत त्याला हो-नाही सांगायचंय."

"माझी खूण? असं म्हनला?"

त्यांनी झाकण उघडलं. आत पाहिलं, भिंग काढून पुसलं, पुन्हा पाहिलं. मग झाकण माझ्या हातात दिलं. "वहिनी, तारीख वाचा."

"चार, सात, दोन हजार नऊ. खाली कों." आणि मी बोलून गेले, "पण तेव्हा तर तुमचं दुकान बंद होतं!"

त्या जुलैत चार आठवडे ते बसले नव्हते. त्यांची बायको राजाबाई रुग्णालयात होती आणि डबा मी पाठवत असे. माझ्या वहीत रोजची नोंद आहे. माझ्या बोलण्याचा अर्थ रंजिताला कळला नव्हता. पिसाळ झाकण लावून 'घे' म्हणाले असते, तर मीही पुढे काही विचारलं नसतं.

"दुकान बंद व्हतं, वहिनी. त्या दुकानवाल्याच्या माळ्यावर बसत व्हतो. चार मेलेल्या घड्याळांचं एक करायचं, डायल नवी रंगवायची, आन् त्यानं ते जुनं अस्सल म्हनून विकायचं. राजाबाईचं आठवड्याला दोनदा डायलिसिस. एकोनतीस केली, पोरी. हे त्यातलं."

"मग खूण कशाला केलीत?" माझा आवाज मला हवा होता त्याहून कडक निघाला.

"हाताची सवय. झाकन लावायच्या आधी सुई उचललीच जायची. घासून टाकायला गेलो, तर त्यानं हात धरला. म्हनला, ऱ्हाऊ दे, हीच तर विकती."

राजाबाई त्याच वर्षी दिवाळीआधी गेली.

रंजिताने घड्याळाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "म्हणजे खोटं आहे?"

"मशीन खरं हाय, चांगलं चालंल. डायल माझ्या हातची, काटे दुसऱ्याचे, चकती तिसऱ्याची. अस्सलाच्या किमतीला घिऊ नको. त्याला माझं नाव सांग."

"काका, तुम्ही गप्प बसला असता तर मला कळलं पण नसतं."

"व्हय," पिसाळ म्हणाले. "न्हाय कळलं असतं."

ती घड्याळ घेऊन गेली. पिसाळांनी माझा पट्टा बसवला, पण मान वर केली नाही. मी तिथेच स्टुलावर बसून राहिले.

दिवेलागणीला ती परत आली. दुकानवाल्याने म्हातारा येडा झालाय असं म्हणत पाऊण किंमत कमी केली होती. "घेतलं मी. बाबांना डायल कुठे कळते! चालतंय ना, बस."

"दे इकडं," पिसाळ म्हणाले.

त्यांनी पुन्हा झाकण उघडलं. जुन्या खुणेखाली थोडीच जागा होती. एकेका अक्षराला ते थांबत होते. काम झाल्यावर त्यांनी मला वाचायला दिलं. त्या दिवसाची तारीख, आणि खाली: 'डायल रंगवली. काटे, चकती बदलली. कों.'

रंजिता मधूनमधून येते. तिचे बाबा ते घड्याळ घालून रोज खाडीपर्यंत जातात. दुकानवाल्याने मात्र पिसाळांचं नाव बाजारात खराब केलं. जुनी घड्याळं दाखवायला येणारे कमी झाले. जे येतात त्यांना पिसाळ काही बघायच्या आधीच सांगतात, "आत दोन हजार नऊचा जुलै असंल, तर ती माझी खूण खरी धरू नका."

एकोणतीसपैकी आजवर तीन परत आली आहेत. तिन्हींच्या झाकणांत त्यांनी खरं काय ते कोरून दिलं. कोणती कधी आली, ते मी माझ्या वहीत लिहून ठेवते. तसं लिहायला त्यांनीच मला सांगितलं आहे.